मुलं सांभाळणाऱ्या मावशीला सणाचा बोनस आणि भेट: गोव्यातल्या घरांसाठी नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी मूळची कोल्हापूरची, लग्न होऊन पर्वरीला आले त्याला बारा वर्षं झाली. दोन पोरं, नवरा-बायको दोघंही नोकरीला, आणि पोरांना सांभाळणारी एकच मावशी, डिचोलीकडची. आषाढ संपत आला की ओळखीतल्या तीन-चार जणी तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून म्हटलं एकदा बसून सगळं लिहून टाकू. कुणी आया म्हणतं, कुणी बाय, कुणी नॅनी, आमच्याकडे मावशी. (आया हा शब्द पोर्तुगीजांकडून आलाय, त्यामुळे गोव्यात तो वापरायला लाजायचं काही कारण नाही.)

बोनस कधी द्यायचा, चवथीला (म्हणजे गणेश चतुर्थीला) की दिवाळीला?

हिंदू घरातली असेल आणि गोव्याची असेल तर चवथीला. दिवाळीला नाही. हे कळायला मला दोन वर्षं लागली. आमच्याकडे बोनस म्हणजे दिवाळी हे डोक्यात इतकं फिट बसलेलं की पहिल्या वर्षी धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी छान पाकीट केलं, वर कुंकवाचं बोट लावलं आणि दिलं. मावशी बरं म्हणाली, घेऊन गेली. दुसऱ्या वर्षी चवथीच्या तोंडावर तिने पाच हजार उचल मागितली, मी दिली, आणि वर शहाणपणा केला की अहो दिवाळीला बोनस आहेच की तुमचा. तर पोळपाट पुसता पुसता म्हणाली, "बाय, दिवाळेक फोव खावंक कितले पयशे लागतात गो?"

आणि खरंच आहे ते. गोव्याची दिवाळी म्हणजे पहाटे नरकासुर जाळायचा, कारीट फोडायचं, आणि मग चार-पाच तऱ्हेचे पोहे. दुधातले, गुळातले, ताकातले. खर्च आहे, पण घर मोडणारा नाही. चवथीला मात्र मूर्तीचे पैसे, घराला रंग, माटोळीचं (गणपतीच्या वर बांधतात त्या फळाफुलांच्या छताचं) सामान, मुलांचे कपडे, फटाके, भटजींची दक्षिणा, आणि मुलगी दिलेली असेल तर तिच्या सासरी ओझं (सणाची फळं-फराळाची भेट) पाठवायचं ते वेगळंच. म्हापशाच्या नाहीतर डिचोलीच्या बाजारात शेवटच्या दोन दिवसांत नारळाची पेंड (म्हणजे घोस), सुपारीचं शिपटं, तोरिंगं, केळ्यांचा घड असं एकेक विचारत फिरलं की समजतं आपण दिलेली नोट कुठे जाते ते.

त्यामुळे चवथीच्या निदान दहा-बारा दिवस आधी पैसे हातात पडले पाहिजेत. हरताळकेच्या संध्याकाळी दिलेला बोनस हा बोनस नव्हेच, तोपर्यंत बिचारीने कुणाकडून तरी व्याजाने आणलेले असतात. ख्रिस्ती असेल तर नाताळ, त्याचं खाली लिहिलंय. दिवाळीला मग काय? दिवाळीला पोह्यांचं पाकीट, गूळ, मुलांना थोडे फटाके, पुरे होतं.

किती द्यायचा?

एक महिन्याचा पगार. वर्षभर काम केलेलं असेल तर यापेक्षा कमी देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे, आणि ऐपत असेल तर जास्त द्यावा.

हा एक महिना कुणी हवेतून काढलेला नाही. बोनसचा कायदा मुळात 1965 चा, त्यात कमीत कमी 8.33 टक्के आणि जास्तीत जास्त 20 टक्के असं धरलेलं आहे, आणि वर्षाच्या पगाराचे 8.33 टक्के म्हणजे बरोबर एक बारांश, एक महिना. आता तो कायदा वीस किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या ठिकाणांसाठी, आपल्या घराला लागू नाही, तुम्ही एक रुपया दिला नाहीत तरी कुणी नोटीस पाठवणार नाही. पण तुम्ही स्वतः ऑफिसात दिवाळीच्या आधी एचआरला तीनदा विचारता ना बोनस कधी क्रेडिट होणार म्हणून, मग झालं तर.

हिशोब सोपा ठेवा. महिन्याला 14,000 देत असाल तर 14,000. अर्धा दिवस येत असेल आणि 7,000 देत असाल तर 7,000. चार वर्षं झाली, पाच वर्षं झाली की मी दरवर्षी वर हजार-दोन हजार वाढवत गेले. पगारवाढ आणि बोनस मात्र एकत्र करू नका, पगार वाढवायचा तर तो जानेवारीत किंवा जूनमध्ये वेगळा वाढवायचा. काही जण म्हणतात यंदा बोनस दिला ना मग पगार पुढच्या वर्षी बघू, ही चलाखी तिला कळत नाही असं समजू नका.

चार महिनेच झालेत येऊन, तरी द्यायचा?

हो, महिन्यांच्या प्रमाणात. 12,000 पगार आणि चार महिने म्हणजे 4,000. मी 5,000 करेन. दहा-पंधरा दिवसच झाले असतील तर बोनस नको, पण रिकाम्या हाताने सणाला पाठवायचं नाही, पाचशेची नोट आणि नारळ-साखर तरी.

कॅश द्यावी की गूगल पे?

तिला विचारा. नुसतं "गूगल पे करू ना?" असं नाही, कारण त्याला ती हो म्हणणारच. नीट बसून विचारा की कसे दिले तर तुम्हाला सोयीचं.

आमच्या ओळखीत एका मुलीने मोठ्या हौसेने पूर्ण बोनस ट्रान्सफर केला, आणि मग कळलं की तो नंबर नवऱ्याच्या फोनला जोडलेला, बाईच्या हाताला काही लागलं नाही, चवथीला ती जुन्याच साडीत. दुसरीकडे असं झालं की खात्यावर पैसे पडले आणि त्याच दिवशी बचत गटाच्या कर्जाचा हप्ता कापला गेला. उलटही असतं, काहींना कॅश घरात नेलेली नको असते कारण घरात पिणारं माणूस आहे, खात्यात पडले तर तेवढेच शिल्लक राहतील. आमची मावशी अर्धे रोख घेते आणि अर्धे पोस्टातल्या खात्यात भरायला सांगते. का ते मी विचारलं नाही.

रोख देणार असाल तर बँकेतून कोऱ्या नोटा आणा आणि शंभर-दोनशेच्या जास्त घ्या, माटोळीच्या बाजारात पाचशेची मोड कुणी देत नाही. आणि पोरांसमोर, पाहुण्यांसमोर मोजून देऊ नका हो.

आणि भेट काय द्यायची? साडी चालेल ना?

चालेल, पण आधी हे ऐका. तिसऱ्या वर्षी मी मावशीला एक साडी घेतली, कांजीवरमसारखी, जरा जास्तच भारी. वर्षभराने तिच्या घरी गणपतीला गेलो तर तिने पाहुण्यांना दाखवायला कपाट उघडलं आणि ती साडी तश्शीच, दुकानाच्या प्लास्टिकमध्ये, टाचण्या पण काढलेल्या नाहीत. मला वाटलं आवडली नाही. तसं नव्हतं. एवढ्या भारी साडीला ब्लाऊज शिवायचा, अस्तर, फॉल-पिको, टेलरचे पैसे कोण देणार, आणि नेसून जायचं कुठे, आपल्या भाचीच्या लग्नात नवरीच्या आईपेक्षा भारी नेसली तर बायका बोलणार. मी दुकानात उभी राहून माझ्या आवडीची साडी घेतली होती, एवढंच.

तेव्हापासून मी तिला घेऊन जाते किंवा पैसे देते आणि तीच घेते. साडी देणारच असाल तर ब्लाऊजच्या शिलाईचे पैसे घालून द्या. बरोबर जाणार असाल तर दुकानात शिरायच्या आधी बजेट सांगा, नाहीतर ती भीडेने सगळ्यात स्वस्त उचलते.

साडीपेक्षा उपयोगी पडलेल्या गोष्टी सांगते. चांगला रेनकोट आणि पावसाळी चप्पल, जूनच्या आधी, कारण गोव्याच्या पावसात कदंबा पकडायला स्टॉपवर उभं राहायचं म्हणजे छत्रीचं काही चालत नाही. प्रेशर कुकर, पण आधी तिच्याकडे किती लिटरचा आहे आणि गॅस आहे का इंडक्शन ते बघून. तिच्या मुलांची शाळेची बॅग आणि वह्या, तेही जूनमध्ये, सणाची वाट बघत बसू नका. एका वर्षी तिच्या मुलीच्या बारावीनंतरच्या अॅडमिशनची फी आम्ही भरली, ती बोनसच्या वर, आणि ती गोष्ट मावशी अजून काढते, साडीबद्दल कधी बोललेली नाही.

परफ्यूम, शोपीस, फोटोफ्रेम, सुगंधी मेणबत्त्या असलं काही नको. कुणीतरी तुम्हाला दिलेला गिफ्ट सेट फिरवून तिला देणं तर अजिबात नको, तिनेच तो तुमच्या कपाटात तीनदा पुसलेला असतो.

जुना मिक्सर, जुना फ्रीज देतोय, तो बोनसमध्ये धरला तर?

नाही. जुनी वस्तू द्या, जरूर द्या, तिला हवी असेल तर. पण ती वर्षात कधीही द्यायची, सणाची भेट म्हणून नाही. आणि फ्रीज देणार असाल तर तो तिच्या घरी पोचवायचा टेंपो तुमचा.

ऑफिसातून मिठाईचा डबा आला तो दिला तर?

वरून द्या, चालेल. फक्त एक्स्पायरी बघा.

आमची आया ख्रिस्ती आहे, नाताळला काय करायचं?

तोच नियम, एक महिन्याचा पगार, आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात. 3 डिसेंबरला जुन्या गोव्याचं सायबाचं (सेंट फ्रान्सिस झेवियरचं) फेस्त, म्हणजे सण, असतं, त्याच्या आसपास दिला की बरोबर होतं, कारण कुसवार, म्हणजे नाताळचा फराळ, काही चोवीस तारखेला बनत नाही. दोदोल ढवळायला तासन् तास, बेबिंका एकेक थर भाजत बसायचं, नेवऱ्यो तळायच्या, त्याचं सामान आधी लागतं. मुलांचे नवीन कपडे, क्रिब, स्टार, सगळं त्याच आठवड्यांत.

आणि 24 च्या रात्री तिला थांबवू नका. चर्चमध्ये मध्यरात्रीचा मिस (प्रार्थना) असतो, घरची माणसं वाट बघत असतात. त्यातून डिसेंबर म्हणजे तुमच्याकडे मुंबई-पुण्याचे पाहुणे, त्यांची पोरं पण तिच्याच गळ्यात, आणि सगळे बीचवर पार्टीला. पाहुण्यांची पोरं सांभाळली तर त्याचे वेगळे पैसे, आणि पाहुण्यांना पण स्पष्ट सांगा की जाताना तिच्या हातावर काहीतरी ठेवा. 31 च्या रात्री थांबायला सांगणार असाल तर आधी विचारा, नाही म्हणाली तर तोंड वाकडं करू नका, हो म्हणाली तर दुप्पट पैसे आणि रात्री घरी सोडायची सोय, कारण त्या रात्री टॅक्सी मिळणं काय असतं ते इथे राहणाऱ्याला सांगायला नको.

तिच्या गावचं फेस्त कधी असतं तेही एकदा विचारून कॅलेंडरवर लिहून ठेवा. त्या दिवसाची सुट्टी मिळाली की तिला नाताळाइतकाच आनंद होतो.

चवथीला आमच्याकडेही गणपती असतो, ती नाही आली तर मुलांना कोण बघणार?

आपण. दुसरं उत्तर माझ्याकडे नाही.

तिच्या मूळ घरी गणपती असतो, सगळे भाऊ-जावा एकत्र येतात, गावात घुमट हे वाद्य वाजवत आरती असते, अख्खा गोवा त्या दिवसांत आपापल्या गावी असतो. दीड दिवसाचा असेल तर हरताळका धरून निदान तीन-चार दिवस, पाच दिवसांचा असेल तर तेवढी सुट्टी, आणि पगारी. पैसे आणि साडी दोन्ही दिलेत आणि चतुर्थीच्या दुपारी "दोन तास येऊन जाता का" म्हणून फोन केलात तर त्या पैशाची पार माती केलीत. हो, मी केलाय असा फोन. ती आली पण. ओल्या केसांनी, कपाळाला हळदकुंकू, पाट्यावरून उठून आलेली, आणि धाकटा तिला बघून हसत होता आणि मला मान वर करवेना.

सुट्टीच्या दिवशी ती स्वतः खुशीने आली तर दुप्पट रोज, आणि बोनसशी त्याचा संबंध लावायचा नाही.

बाहेरच्या राज्यातली आहे, घरीच राहते, तिचं काय?

झारखंड, ओडिशा, आसाम, नेपाळ, नाहीतर आपल्या घाटापलीकडची बेळगाव-गदगकडची. पहिलं विचारायचं की तुमचा मोठा सण कोणता. आपण गृहीत धरतो दिवाळी, आणि ती असते छठवाली, बिहूवाली, झारखंडची असेल तर कदाचित नाताळवाली, कर्नाटकातली असेल तर उगादीवाली. बोनस त्या सणाला.

हिच्यासाठी सगळ्यात मोठी भेट म्हणजे कन्फर्म तिकीट. रेल्वेचं बुकिंग आता 60 दिवस आधी उघडतं, त्या सकाळी आठ वाजता तुम्ही स्वतः बसून मडगाव किंवा थिवीहून जायचं आणि यायचं दोन्ही तिकीट काढून द्या. जनरल डब्यात दोन दिवस उभ्याने गेलेली बाई परत येताना आनंदाने येईल अशी अपेक्षा कशी करता? प्रवासाचे दिवस सुट्टीत मोजू नका.

एजन्सीमार्फत असेल तर बोनस तिच्या हातात, एजन्सीच्या खात्यात नाही. आमच्या एका मैत्रिणीने एजन्सीला दिला, आणि बाईपर्यंत त्यातले किती पोचले ते विचारायला गेल्यावर फोन उचलणंच बंद.

आधी उचल घेतलीय, ती बोनसमधून कापून घेऊ का?

नका. उचल पगारातून हप्त्याहप्त्याने कापा, काय ठरलं ते एका वहीत दोघींनी लिहून ठेवा. बोनस कापलात तर सणाच्या बाजारात ती पुन्हा दुसऱ्याकडे उचल मागायला जाणार, म्हणजे आपण काय साधलं.

स्वयंपाकाची बाई वेगळी, झाडू-पोछावाली वेगळी. सगळ्यांना सारखं?

सारखं म्हणजे प्रत्येकीला तिचा एक महिन्याचा पगार. आकडे वेगळे येतात पण नियम एकच राहतो, आणि त्या एकमेकींना विचारतात तेव्हा, विचारतातच, तुम्हाला खाली बघावं लागत नाही. भेटवस्तू द्यायची तर सगळ्यांना एकाच दर्जाची. पोरांना सांभाळते म्हणून जास्त द्यावंसं वाटलं तर ते वेगळं, तिच्या मुलांच्या शिक्षणाला वगैरे.

विमा किंवा पेन्शन काढून दिलं तर तो बोनस होतो का?

होत नाही, पण करून द्या. अपघात विम्याची प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना आहे, वर्षाला 20 रुपये, 2 लाखांचं कव्हर, वय 18 ते 70. वीस रुपयांत तर चहा-वडा येत नाही. जीवन ज्योती या आयुर्विम्याचा हप्ता वर्षाला 436 रुपये, तिथे वय 18 ते 50. दोन्ही तिच्याच बँक खात्यातून कापले जातात, आपण फक्त ते पैसे दरवर्षी द्यायचे आणि बँकेत फॉर्म भरायला बरोबर जायचं. असंघटित कामगारांच्या सरकारी नोंदणीचं ई-श्रम कार्ड फुकट निघतं. मुलगी दहा वर्षांच्या आतली असेल तर सुकन्या समृद्धीचं खातं वर्षाला 250 रुपयांपासून चालतं, खातं आई-बापच उघडणार, तुम्ही भर घाला.

गोव्यात पाच वर्षं राहिलेली असेल तर दीनदयाळ स्वास्थ्य सेवेचं कार्ड आहे का ते आवर्जून बघा. तिघांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख, त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाखांपर्यंतचे उपचार त्यात बसतात, आणि कितीतरी जणींनी रिन्यू न केल्यामुळे ते नुसतं ट्रंकेत पडून असतं.

पण हे सगळं सांगून "यंदा बोनसऐवजी तुमचा विमा काढलाय" असं करू नका. विम्याच्या पावतीवर माटोळी बांधता येत नाही.

बोनस घेतला आणि दुसऱ्या दिवशीपासून आलीच नाही तर?

होतं कधीकधी. तिने वर्षभर केलेल्या कामाचा तो पैसा, पुढच्या कामाची सुपारी नव्हे. सुट्टीनंतर परत आल्यावर बोनस देतो म्हणणारे बरेच आहेत, माझ्या मते ते ओलीस ठेवणं झालं. आणि जायचं ठरवलेली बाई तुमच्या बारा हजारांसाठी थांबत नाही.

तिच्या घरी यंदा कुणी वारलंय, सण नाही. मग?

पैसे तेवढेच द्या, ठरलेल्या वेळेला. मिठाई, रंगीत साडी, फटाके नको. वर्ष धरलेलं असतं. पाकिटावर कुंकू लावू नका, साध्या पांढऱ्या पाकिटात, आणि "सणाचे" असं म्हणू नका, तुमचे पैसे आहेत म्हणा.

मुलांकडून काही द्यावं का?

त्यांनाच ठरवू द्या. आमच्या थोरलीने पहिलीत असताना तिला खोडरबर दिलं होतं, अर्धं वापरलेलं, मावशीने ते देवाच्या फडताळात ठेवलंय.

तीच आपल्यासाठी काही घेऊन आली तर?

येणारच. चवथीनंतर नेवऱ्या, हळदीच्या पानातल्या पातोळ्या, मोदक, आणि ख्रिस्ती असेल तर कुसवारचं ताट, त्यातही नेवऱ्यो असतातच. "कशाला उगाच खर्च केलात" असं म्हणू नका, तिच्यासमोर एक उचलून खा. डबा मात्र रिकामा परत जाता कामा नये, साखर, पोहे, घरची लोणच्याची फोड, काहीही चालेल. आमच्याकडे आत्ता तिचा झाकण वाकडं झालेला एक स्टीलचा डबा आहे, पंधरा दिवस झाले, त्यात आईने कोल्हापूरहून पाठवलेला गूळ भरायचा म्हणून ठेवलाय आणि पोरं रोज उघडून त्यातला खडा पळवतात.